दारात खुनी उभा असेल तरी खोटं बोलू नये? कांटच्या बाजूनं

ओसरी (धागाकर्ता)
वाद १७९७ चा, जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट आणि फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंट यांच्यातला. मित्र तुमच्या घरात लपलाय आणि त्याच्या जिवावर उठलेला माणूस दारात येऊन विचारतो, "तो आत आहे का?" कॉन्स्टंट म्हणाला, खरं ऐकण्याचा हक्क ज्याला आहे त्याच्याशीच खरं बोलणं हे कर्तव्य. कांटनं उत्तर दिलं: हो किंवा नाही म्हणणं टाळताच येत नसेल, तर खरंच बोलावं लागेल. यावरून त्याला निर्दय ठरवतात. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण 'टाळताच येत नसेल तर' ही अट कुणी वाचतच नाही. गप्प बसा, दार लावून घ्या, शेजाऱ्यांना हाका मारा. यातल्या कशालाच त्याची मनाई नाही. शिवाय समजा, तुम्ही "तो बाहेर गेलाय" असं खोटं सांगितलंत, पण मित्र खरोखरच मागच्या दारानं निसटला होता आणि खुन्याला रस्त्यात सापडला. कांट म्हणतो, त्या मरणाचा दोष तुमच्याकडेही येतो.

रानवाट
आणि खरं सांगितल्यावर मित्र मेला, तर तो नुसता योगायोग? हा हिशोब एकतर्फी आहे.
कांटची सार्वत्रिक नियमाची कसोटीच लावून बघा: सगळेच तसं वागले तर ते वागणं टिकेल का? त्याचं १७८५ चं उदाहरण कर्जाचं: फेडायचं नाही हे ठरवून "फेडीन" म्हणायचं. सगळेच तसं वागले तर वचनावर कुणी पैसे देणार नाही, आणि ती लबाडी करायला जागाच उरणार नाही. खुन्याशी बोललेल्या खोट्याचं तसं नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिस्टीन कॉर्सगार्डनं १९८६ मध्ये हेच दाखवलं. खुनी आपला हेतू लपवून विचारतो. आपण कोण हे तुम्हाला ठाऊक नाही, असं तो धरून चालतो. मग अशा माणसाशी सगळेच खोटं बोलत असले, तरी तुमच्या उत्तरावर त्याचा विश्वास बसणारच. म्हणजे या कसोटीवर हे खोटं उतरतं. अडतं ते कांटच्याच दुसऱ्या सूत्रापाशी: कुणालाही केवळ साधन म्हणून वापरू नका.

दगडीपाटी
गप्प बसण्याबद्दल. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. दरोडेखोरांनी विचारलं, त्यानं लपलेल्या लोकांची वाट खरी सांगितली, माणसं मारली गेली आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. कृष्णाची पायरीही नेमकी आहे: न बोलता सुटका होत असेल तर बोलूच नये, पण बोलणं भाग असेल, किंवा गप्प राहिल्यानंच संशय येत असेल, तर तिथे असत्य बरं. दारातल्या माणसासमोर तुम्ही ओठ मिटलेत की त्याला उत्तर मिळालंच. ओसरी, तुमची पळवाट नेमकी इथेच बंद होते.

ओसरी
मौनातूनही उत्तर जातं, हे मान्य. पण खोटं बोलणं आणि सगळं न सांगणं यातला फरक कांटनं स्वतः पाळला होता. १७९४ मध्ये प्रशियाच्या राजानं धर्मावरच्या लेखनाबद्दल तंबी दिली, तेव्हा त्यानं 'महाराजांचा निष्ठावान प्रजाजन म्हणून' यापुढे त्या विषयावर गप्प राहण्याचं वचन दिलं. १७९७ मध्ये राजा वारला आणि कांटनं स्वतःला मोकळं मानलं. ते शब्द मुद्दामच निवडले होते, हे त्यानं १७९८ मध्ये छापून सांगितलं.

रानवाट
मग ते 'नरो वा कुंजरो वा' झालं. राजानं वचन कायमचं समजावं, अशीच ती रचना होती. ऐकणाऱ्याची फसगत दोन्हीकडे तेवढीच. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं ते वाक्याचं व्याकरण तपासून नव्हे, युधिष्ठिरावरच्या विश्वासानं. शब्द खरे ठेवून असा विश्वास वापरायला मुभा असेल, तर खुन्याशी सरळ खोटं बोलायला का नाही?