प्रतिसाद: आठवणीतली क्षितिजरेषा
छायाचित्रे जमवून, मापे जुळवूनच आवडत्या इमारतीचे चित्र काढावे, असे वर दोघांनी सुचवले आहे. दर्शनी भागापुरते ते मान्य आहे. बालपणीच्या वाचनालयाला मात्र हा नियम लागू पडत नाही, कारण तिथे इमारत नव्हे, तर सात-आठ वर्षांच्या मुलाला दिसलेली इमारत काढायची असते. यथार्थदर्शनात (जवळ-दूरचा आभास देणाऱ्या चित्रणात, म्हणजे पर्स्पेक्टिव्हमध्ये) क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. मोठ्या माणसाने उभ्याने काढलेल्या छायाचित्रात ती जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येते, मुलासाठी पावणेचार फुटांच्या आसपास हवी. माझ्या पहिल्या तीन चित्रांत कपाटे अगदीच सामान्य दिसत होती; रेषा खाली आणल्यावर देवघेवीच्या काउंटरची कड हनुवटीपर्यंत आली, ग्रंथपालांचा चेहरा (जो मला तसाही आठवत नाही) चौकटीबाहेर गेला आणि कपाटे पुन्हा उंच झाली.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या कॅथीड्रलची तीसहून अधिक चित्रे १८९२ आणि १८९३ मध्ये प्रत्यक्ष समोर बसून रंगवायला घेतली, पण त्यांवर अखेरचा हात फिरवला तो जिव्हर्नी गावातल्या आपल्या चित्रशाळेत, इमारत डोळ्यांआड असताना. छायाचित्रे मीही वापरतो, पण पहिले रेखाटन झाल्यावर, आणि तीही खिडक्यांची संख्या तपासण्यापुरतीच.