मदत हवी आहे : मंडळाकडून मलावीला तांदूळ पाठवता येईल का?

महालकर :
नमस्कार मंडळी. आमचं नागपूरच्या महालातलं गणपती मंडळ, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेलं. महाप्रसाद उरकला, एचएमटी तांदळाचे बारा-पंधरा कट्टे (पोती) उरले आणि वर्गणीतूनही थोडं शिल्लक आहे. 2024 च्या ऐन गणपतीत बातमी आली की दुष्काळामुळे भारत सरकारनं आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे आणि मलावीला 1000-1000 टन तांदूळ, झांबियाला 1300 टन मका पाठवला. तेव्हापासून पोट्टे मागे लागले आहेत, "काका, आपलेही कट्टे त्याच जहाजात टाकू."

मलावीच का, तर एका पोट्ट्याचा भाऊ तिथे ब्लँटायरला दुकानात कामाला आहे. तो सांगतो, बाया मक्याच्या पिठाचा भाव विचारतात, पोतं हातानं दाबून पाहतात आणि तशाच परत जातात. तिकडचं रोजचं जेवण म्हणजे त्या पिठाचा घट्ट गोळा, न्सिमा. मार्च 2024 मध्येच त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली.

सरकारी मदतीत असं बाहेरचं धान्य घेतात का? अर्ज कोणाकडे करायचा? नसेल जमत तर आपण स्वतः पाठवू शकतो का?

तर्रीपोहे :
काहून इतक्या दूर जाता भाऊ? विदर्भातला शेतकरी काय कमी अडचणीत आहे? आधी घरचं पाहा नं.

धान्यवाला :
तर्रीभाऊ, ज्या एल निनोनं तिकडचा मका वाळवला, त्याच एल निनोत आपला ऑगस्टही कोरडा गेला. 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता 2023 चा. पण आपल्याकडे सरकारी गोदामात तांदूळ बफरच्या, म्हणजे ठेवायलाच हव्या त्या साठ्याच्या, दुपटीहून जास्त पडून आहे, त्यांच्याकडे तसा साठा नाही. 1000 टनांनी इथल्या रेशनवर ओरखडाही उठत नाही.

महालकर काका, कट्ट्यांचं मात्र विसरा. ही मदत सरकारकडून सरकारला जाते, परराष्ट्र मंत्रालय ठरवतं. त्यात मंडळाचे कट्टे घुसवायला खिडकीच नाही. स्वतः पाठवायचं म्हणाल तर 20 जुलै 2023 पासून बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद होती, ती बंदी सप्टेंबर 2024 च्या अखेरीस उठली. बंदीच्या काळात दुसऱ्या देशानं अन्नसुरक्षेसाठी मागितलं आणि आपल्या सरकारनं परवानगी दिली, तरच जायचा. एचएमटीही त्यातच यायचा.

पण बंदी नसली तरी हिशोब बसत नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 25 टन माल बसतो, तुमचा जेमतेम अर्धा-पाऊण टन. त्यात कीड मारायची धुरी, रोगकीड नसल्याचा प्लँट क्वारंटाइनचा दाखला, जहाजाचं भाडं. आणि मलावीला समुद्रच नाही. मोझांबिकच्या बैरा किंवा नाकाला बंदरात उतरवून पुढे जमिनीवरून न्यायचं. भाड्यातच तुमची वर्गणी संपेल.

बर्डीची सीए :
काका, पैशांचंही सांगते. विदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची वर्षाला अडीच लाख डॉलरची सवलत व्यक्तीला आहे, ट्रस्टला नाही. शिवाय ट्रस्टनं भारताबाहेर केलेला खर्च सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) मंजुरीशिवाय आयकरात धर्मादाय धरत नाहीत. वर्गणी तर मुळीच पाठवू नका, ऑडिटमध्ये अडकाल.

ज्याला द्यायचं त्यानं स्वतःच्या खिशातून द्यावं. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम ऑनलाइन देणगी घेतो. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा. देणगीवरची 80जी करसवलत मिळणार नाही. आणि "मलावीसाठी मी पैसे गोळा करतो, माझ्या क्यूआरवर टाका" म्हणणारे येतील, त्यांना टाळा.

महालकर :
धन्यवाद दोघांचेही, जहाजाच्या भाड्याचं तर डोक्यातच नव्हतं. तर्रीपोहे, तुमचा राग कळतो, पण आमच्या सासूबाई बीडकडच्या. 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायच्या आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खायच्या. अजूनही तिला नावं ठेवतात, पण पोट त्यावरच भरलं हेही त्याच सांगतात.

कट्टे इथल्याच एखाद्या आश्रमशाळेला देतो. पोट्टे आपापल्या खिशातून ऑनलाइन देतील. आता एवढंच सांगा, उरलेला तांदूळ शाळेला देताना मंडळाच्या ठरावात काय लिहायचं? आणि शाळेकडून पावती घ्यायची की नुसतं पोचपत्र चालतं?

बर्डीची सीए :
ठरावात कट्टे, वजन आणि शाळेचं नाव लिहा. शिक्क्यासह पोचपत्र पुरे, पण मुख्याध्यापकांची सही तारखेसकट घ्या. कट्ट्यात आधी हात घालून पाहा, गणपतीतली ओल लागली असेल तर वाळवूनच द्या.