हाताने घडवलेल्या बरण्यांची झाकणं बसत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. दोन वर्षांपासून घरी मातीकाम करते. चाक नाही. वळ्या रचून किंवा माती लाटून भांडी घडवते. सौराष्ट्रातल्या थानहून येणारी स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायची) तयार माती वापरते आणि भाजायला ओळखीच्यांच्या भट्टीत देते. आधी बिस्क (म्हणजे ग्लेझशिवाय पहिली भाजणी), मग ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावून साधारण १२२० अंशांना.

भांडी आता बरी होतात, पण झाकणांनी रडवलंय. आजीची दट्ट्याची चिनीमातीची बरणी यंदा फुटली. आईला लिंबाचं लोणचं प्लास्टिकच्या डब्यात ठेववत नाही, म्हणून तिला माझ्या हातची बरणी द्यायची आहे.

काय काय बिघडलं ते सगळं लिहिते. पहिल्या बरणीचं तोंड ओलं असताना १२ सेंमी होतं, सुकल्यावर ११.३ भरलं. मी ओल्या मातीत ११.३चंच झाकण केलं. ते सुकून १०.६ झालं आणि सरळ आत पडलं. दुसऱ्या वेळी दोन्ही एकाच गोळ्यातून, एकाच दिवशी केली. बरणी जिन्याखाली ठेवली, झाकण पंख्याखाली. वैशाखातले दिवस. दुपारपर्यंत झाकण पापडासारखं कडांनी उचललेलं. तिसरं बरणीवरच ठेवून सुकवलं, बिस्कमधून सुरेख आलं. ग्लेझ लावताना मात्र कड नीट पुसली गेली नाही आणि भट्टीतून दोन्ही एकजीव होऊन आली. सोडवताना काठाचा टवका उडाला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. माझ्या बरणीचं तोंड कधीच अचूक गोल नसतं. चाकावर काम करणारे कॅलिपरने (तोंडाची रुंदी मोजायच्या चिमट्याने) एक माप घेतात आणि त्यांचं भागतं. इथे चार बाजूंना चार मापं येतात. तो वाकडेपणा मला घालवायचा नाही, तो माझ्या बोटांचा आहे. त्याला जुळणारं झाकण कसं करावं? फट किती ठेवावी? आणि ती पहिली बरणी, फक्त बिस्क होऊन पडली आहे, ती वाचेल का?

प्रतिसाद १

ताई, अशा तोंडाला वेगळं झाकण करूच नका. बरणी वरपर्यंत बंद करत न्या, अंड्यासारखी. आतली हवा कोंडू नये म्हणून एक बारीक भोक ठेवा. माती इतकी कडक होऊ द्या की नखाची खूण उमटेल पण बोटाला चिकटणार नाही. मग पातळ पात्याने वरचा भाग कापून काढा. पातं आत आणि खाली तिरकं धरा, कलिंगडवाला चाखायला टाकी काढून देतो तसं. तिरक्या कापामुळे झाकण आत पडत नाही. कापताना एका जागी छोटी लाट घ्या, म्हणजे झाकण कुठे बसवायचं ते दरवेळी शोधावं लागणार नाही.

झाकण सरकू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूला सेंटिमीटरभर उंचीची पट्टी स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावून जोडा. पट्टी आणि बरणी यांच्यात सगळीकडून दोन मिलिमीटर मोकळे ठेवा. मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून झाकण जागेवर बसवा, वरून सैल पिशवी घाला आणि सावकाश सुकू द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी आठवडाभर तरी पिशवी काढत नाही.

प्रतिसाद २

पहिली बरणी वाचेल. सुकलेलं किंवा भाजलेलं तोंड मोजून ओलं झाकण करायचं तर माप वाढवून घ्यावं लागतं. त्याच मातीच्या ओल्या पट्टीवर १० सेंमीची रेघ मारा आणि पट्टी बिस्क करून मोजा. ९.४ भरली, तर बरणीच्या तोंडावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून आकार उतरवा आणि झेरॉक्सवाल्याकडून मूळच्या १०६ टक्के आकाराचा करून आणा. वाकडेपणासकट साचा हातात येतो. फट त्यातून वजा करायला विसरू नका.

ग्लेझच्या वेळी झाकण बरणीवरच ठेवून भाजा, म्हणजे दोन्ही एकत्रच वाकतील. जिथे दोघं टेकतात तिथलं ग्लेझ तीन मिलिमीटर रुंदीत ओल्या स्पंजाने पूर्ण पुसा आणि तेवढ्या भागावर मेणात ॲल्युमिना हायड्रेट (भट्टीत न वितळणारी पांढरी पूड) मिसळून लावा, म्हणजे दोन्ही चिकटणार नाहीत. आणि लोणचं आंबट असतं, त्यामुळे आतलं ग्लेझ शिसं नसलेलं आणि पूर्ण वितळून काचेसारखं झालेलंच हवं.

प्रतिसाद ३

भाजून आल्यावर किंचित खरखर राहिली तर सिलिकॉन कार्बाइडची पूड पाण्यात कालवून सांध्यावर घासा. गोल झाकण फिरवता येतं, तुमचं येणार नाही, त्यामुळे जागच्या जागी पुढेमागे. ओलंच घासा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. कापून काढलेल्या झाकणाची नवी बरणी काल बिस्कमधून आली. लाटेवर लाट बसली की बारीक टक् असा आवाज येतो, आईने तो चार वेळा ऐकला. पहिल्या बरणीसाठी कागदाचा साचाही आणलाय, पट्टी ९.४च भरली. आता एकच विचारायचं राहिलं: झाकणाची मूठ भरीव केली तर भाजताना तडकेल का, की आतून पोकळ करून बारीक भोक ठेवू?