नोटर डेमनं घाई करू नये

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये नोटर डेम विद्यापीठ कुठल्याही कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या स्पर्धा-गटात) नाही, स्वतंत्र खेळतं. 'नोटर डेमनं एकदाचं बिग टेन कॉन्फरन्समध्ये जावं' हे मला पटत नाही. त्यांचे बहुतेक इतर खेळ 2013 पासून एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये आहेत आणि 2036 पर्यंत फुटबॉलसाठी कॉन्फरन्स निवडलीच तर ती एसीसीच, असं करारात बांधलंय. 2020 मध्ये कोविडमुळे ते हंगामापुरते तिथे खेळले, एसीसीच्या अंतिम सामन्यात क्लेमसनकडून 34-10 हरले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा स्वतंत्र झाले! जानेवारी 2025 मध्ये तर स्वतंत्र राहूनच राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले.

मला खरी काळजी वाटते फुटबॉलमध्ये तसंच स्वतंत्र असलेल्या युकॉनची (कनेक्टिकट विद्यापीठाची). बाकी खेळ बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये, पण तिथे फुटबॉलच नाही. नोटर डेमला आहे तसा एनबीसी या टीव्ही वाहिनीसारखा भक्कम आधार नाही आणि दरवर्षी बारा प्रतिस्पर्धी स्वतःच जुळवायचे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानं 2025 मध्ये मॅक कॉन्फरन्स गाठली, तसा रस्ता त्यांनीही शोधायला हवा.