कबड्डीतला गुडघा: मालिश थांबवा, आधी तपासणी करा

भाऊ, कबड्डीत पोराचा गुडघा पिरगळला, 'कट्' आवाज आला, घरी येईस्तोवर सुजला अन् आता तेलाची मालिश सुरू आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती मालिश आजच थांबवा.

माझं असंच झालं होतं. आमच्या दर्यापूरकडे उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते, मैदानालाच भेगा. चढाईत वळताना पाय भेगेत अडकला अन् अंग फिरलं. एक्स-रे चांगला आला म्हणून तीन महिने निर्धास्त राहिलो. पण एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा, दिसत नाही! मग वावरात धुरा ओलांडताना गुडघा एकदम निसटला, डोक्यावरचा कडब्याचा भारा खाली. एमआरआयत एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, तुटलेलं निघालं.

सूज आहे तोवर फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, गुडघा हाताने हलवून लिगामेंट तपासायला सांगा. मांडी फार लवकर वाळते, म्हणून पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायाम त्यांना विचारून सुरू करा. ऑपरेशन झालंच तर खेळायला निदान 9 महिने धरा. यंदाच्या सामन्यांसाठी मित्र कितीही बोलवायला आले, तरी त्याला पाठवू नका.