नवा टॅटू: पापुद्रे निघतायत, पण लाल भागच उंच आलाय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पोटरीवर जास्वंदीचं फूल काढून घेतलंय. पाकळ्या लाल, पानं काळ्या शेडिंगमध्ये. दुसरा आठवडा चालू आहे. सुरुवातीला लस आणि शाई पाझरत होती, सूजही होती, पण हे होणार असं आर्टिस्टने आधीच बजावलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. आता काळ्या भागाचे पापुद्रे निघतायत आणि खालची कातडी दुधाळ, चकचकीत दिसतेय.

अडचण लाल पाकळ्यांची आहे. हात फिरवला की तेवढाच भाग उंच लागतो, आणि खाज अशी की रात्री जाग येते. पू नाही, ताप नाही, लाली टॅटूच्या रेषेबाहेर गेलेली नाही.

त्यात सल्ले चार. आर्टिस्ट म्हणतो, दोनदा धुऊन बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव. मैत्रीण म्हणते, काहीच लावू नकोस, कोरडा राहू दे. एका व्हिडिओत पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यायला सांगितलंय. आणि घरी प्रत्येक जखमेला लागणारी अँटिबायोटिक मलमाची ट्यूब माझ्यासमोर आणून ठेवलीय. ऐकू कुणाचं? लाल भाग डॉक्टरांना दाखवावा का? पोहणं कधी सुरू करता येईल?

— पानगळ

रेघोट्या:
आर्टिस्टचंच ऐका. सुई शाई सोडते ती वरच्या थराच्या खाली, साधारण १ ते २ मिलिमीटर आत. आता निघतंय ते फक्त वरचं आवरण. पापुद्र्यांवर रंगाचे ठिपके दिसले तरी नक्षी कुठे जात नाही. वरची कातडी २ ते ४ आठवड्यांत भरते, आतलं काम पुढे काही महिने चालू असतं. दुधाळपणा नव्या कातडीचा आहे, तो हळूहळू ओसरतो. काहीजण याच टप्प्यावर घाबरून रंग फिका पडला म्हणून आर्टिस्टशी भांडायला जातात!

क्रीम लावल्यावर टॅटू तेलकट चमकत राहिला तर ते जास्त झालं, टिश्यूने टिपून घ्या. जेलीच्या जाड थराखाली खपल्या भिजून मऊ पडतात आणि कपड्याला चिकटून उपटल्या जातात, तेव्हा मात्र शाई खरंच जाते. अगदी कोरडं ठेवण्यातही तोटा आहे: खपली जाड होते, आणि पोटरी चालताना सतत ताणली जाते, मग ती तडकते. धुताना आधी हात स्वच्छ करा. कोमट पाणी, बिनवासाचा साबण, नुसती बोटं. स्पंज नको, पुसायला रोजचा टॉवेलही नको.

खाजेला नखं लावू नका, हलकेच थोपटा. घट्ट लेगिंग आणि उंच मोजे सध्या बाजूला ठेवा. पाय खाली सोडून फार वेळ बसलं की पोटरीवरचा टॅटू पुन्हा सुजतो, म्हणून पाय वर घेऊन बसा. पोहणं, टबमध्ये डुंबणं खपल्या पूर्ण जाऊन चकाकी मावळेपर्यंत बंद, म्हणजे ३-४ आठवडे तरी. अंघोळ खुशाल करा. ऊन लागत असेल तर सध्या सैल कपड्याने झाका. सनस्क्रीन कातडी भरल्यावरच, एसपीएफ ३० किंवा वरचं.

त्वचावैद्य:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. दोन गोष्टी जोडते.

ट्यूब परत कपाटात जाऊ दे. अशा बऱ्याच मलमांत निओमायसिन असतं आणि त्याचीच अ‍ॅलर्जी काहींना येते. मग पुरळ टॅटूमुळे आलं की मलमामुळे, हे ओळखणं आम्हालाही अवघड होतं. संसर्ग नसताना त्याची गरजही नाही.

लाल भागाबद्दल: रंग दाट भरताना सुई त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरते, त्यामुळे या टप्प्यावर तो उंच आणि खाजरा लागणं स्वाभाविक असू शकतं. पण टॅटूच्या शाईची अ‍ॅलर्जी सगळ्यात जास्त लाल रंगालाच दिसते, आणि ती नेमकी त्या रंगाच्या हद्दीतच राहते. कधी लगेच उमटते, कधी महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा. म्हणून काळा भाग बरा होऊनही पाकळ्या उंच आणि खाजऱ्याच राहिल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तुमची झोप मोडतेय, तेव्हा आधी दाखवलंत तरी हरकत नाही. घरात पडलेलं स्टिरॉइड क्रीम मात्र आपल्या मनाने लावू नका, भरत असलेल्या कातडीवर तर नाहीच.

लाली टॅटूबाहेर सरकतेय असं वाटलं तर तिच्या कडेला, चांगल्या कातडीवर, पेनाने रेघ मारून ठेवा. लाली रेघ ओलांडून पुढे गेली, जागा गरम लागली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू आला, थंडी-ताप आला किंवा वर जाणाऱ्या लाल रेषा दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पानगळ:
खूप धन्यवाद! ट्यूब ठेवून दिली. एकच राहिलं: एका पानाच्या टोकाला खपली आपोआप पडली आणि तिथे रंग जवळजवळ नाहीच. लगेच भरून घेऊ का?

रेघोट्या:
नको. कच्च्या कातडीवर परत सुई चालवली तर व्रण राहायची भीती. दुधाळपणा गेला की त्याखालून रंग दिसायला लागेल कदाचित. ४-६ आठवड्यांनी आर्टिस्टला दाखवा, तेव्हाही जागा रिकामी असेल तर टचअप करून घ्या. आणि पाकळ्या तोवर शांत झाल्या नसतील तर लाल शाईला हातच लावू देऊ नका, आधी डॉक्टर.

पानगळ:
ठीक. डॉक्टरांची वेळ घेतलीच आहे, काय म्हणतात ते इथेच कळवते.