छताचं प्रत्यक्ष काम शिकवणारा कोर्स आहे का?

रत्नागिरीत आर्किटेक्ट म्हणून प्रॅक्टिस करतो. वॉटरप्रूफिंगवाल्यांच्या सेमिनारना जाऊन कंटाळलो. जेवण झकास, पण तासभर स्लाइड्स आणि शेवटी त्यांच्याच केमिकलचं गुणगान. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यातली गोलाई कशी भरायची, पाइपच्या तोंडात मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) कसं उतरवायचं, हे कोणी करून दाखवत नाही. आणि गळतं नेमकं तिथेच! हात घाण करून शिकता येईल असं काही?

न्यू जर्सीहून: इथे एआयएच्या (अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स) आर्किटेक्ट सभासदांना वर्षाला 18 तास शिक्षण सक्तीचं, त्यातले 12 आरोग्य-सुरक्षेचे. छतावरचे कितीतरी कोर्स कंपन्याच फुकट देतात. कोर्समध्ये जाहिरात चालत नाही, तरी ज्याचा माल त्याचंच डिटेल दिसतं. तेव्हा तिकडचं रडगाणं इकडेही आहेच.

त्यापेक्षा एखादा जुना कोबेवाला, म्हणजे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा थर घालणारा, मिस्त्री गाठा. ते तुकडे कसे रचतो, 1:100 चा उतार दोरीवर कसा पकडतो ते शेजारी बसून बघा. काम झालं की गच्चीवर पाणी भरून निदान 48 तास ठेवायला लावा. खालच्या खोलीत ओल बघायला स्वतः जा, सुपरवायझरवर सोडू नका. पत्र्याचं काम असेल तर स्क्रू नागमोडीच्या माथ्यावर, खोलगट भागात नाही. रबरी वॉशर फार आवळला तर चिरडतो, कमी आवळला तर पाणी आत. हा अंदाज स्लाइडवरून येत नाही हो.

पटलं काका. पण मे महिन्यात कुठला मिस्त्री भेटतोय, सगळ्यांनाच पावसाआधी उरकायचं असतं. दिवाळीनंतर धरतो एकाला.